बरणीबाहेरचा रोहू

वासुदेवराव आठवल्यांनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. नदीरक्षक नेमणाऱ्या सरकारी ऑफिसातून ते येऊन सात आठवडे झाले होते. फौजेतून तरुणपणीच बाहेर पडलेल्या सहा जणांना गंगेतले मासे ओळखायला आणि राखायला शिकवाल का, एवढंच त्यात विचारलं होतं. वासुदेवरावांनी नकाराचे चार मसुदे केले. पहिला उर्मट वाटला, दुसरा लाचार, तिसऱ्यात प्रकृतीचं खोटं कारण होतं, आणि चौथा इतका नम्र उतरला की तो होकारच वाटायला लागला. शेवटी त्यांनी पत्र शब्दकोशात ठेवलं आणि शब्दकोश उघडणं बंद केलं.

गुरुवारी सकाळी शरदिनीबाई दारातून ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? बाहेर फौज उभीय. गल्ली पूरी जाम झालीय, सांडसुद्धा थांबलाय."

गंगेवरच्या पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या त्या बोळात सहा तरुण एका रांगेत ताठ उभे होते. पुढचा कुणाल पाटणकर, पंचवीस-सव्वीस वर्षांचा.

"नमस्कार सर. तुमचा जवाब आला नाही, म्हणून आम्हीच आलो. उद्या-परवात, म्हणजे शनिवारपर्यंत, तुमचा लेखी होकार ऑफिसात पोचायला पाहिजे. नाही पोचला तर बॅच कॅन्सल. बॅच गेली की नदीरक्षकाची नोकरीपण गेली."

"दुसरं कोणी..."

"डिग्रीवालाच पाहिजे म्हणतात सर. बाकी सगळ्यांनी मना केलंय. नाही न म्हणालेले तुम्ही एकटेच."

"यांना नाही म्हणता येत नाही, बाळा," शरदिनीबाई म्हणाल्या. "लग्नाच्या वेळीपण तेच झालं."

अडचण अशी होती, की वासुदेवरावांनी एकतीस वर्षं कॉलेजच्या संग्रहालयातले मासे सांभाळले होते. पण ते सगळे बरणीतले. औषधात बुडून सगळ्यांचा रंग शिळ्या लोण्यासारखा झालेला, आणि नावाची चिठ्ठी शेपटीला बांधलेली. आठवल्यांच्या घरात मासा कधी आला नव्हता, आणि घाटावर स्नान करताना वासुदेवराव डोळे मिटून घेत. हे सांगून टाकायची वेळ हीच होती. पण समोरचे सहा जण त्यांच्याकडे इतक्या विश्वासानं बघत होते, की ते म्हणाले, "उद्या आधी नदीवर जाऊन बघू." आपला उजेड पडेल आणि मुलं आपणहून निघून जातील, अशी त्यांना आशा होती.

शुक्रवारी राजा घाटावरून काशीनाथ मल्लाहच्या नावेतून सगळे पुलापलीकडे गेले. काशीनाथनं जाळं टाकलं, पहिली मासळी पाण्यानं भरलेल्या टबात ओतली आणि तो काठावर चहा करायला उतरला.

कुणालनं एक मासा उचलला. "सर, हा कोणता?"

मासा तांबूस होता आणि हलत होता. बरणीतल्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"जरा स्थिर धरा."

दोघांनी धरला. वासुदेवरावांनी चष्मा पुसला. मग शेपटीकडे पाहिलं. तिथे चिठ्ठी नव्हती.

"असं बघा," ते घसा साफ करत म्हणाले, "लहान मासा राखायचा असतो. शंका आली तर पाण्यात सोडून द्यावा."

"हा सोडायचा?"

"हो."

"आणि हा?"

"तोही."

"हे बाकीचे?"

वासुदेवरावांना सगळ्यांबद्दलच शंका होती. सहा जणांनी साखळी केली, आणि चार मिनिटांत टब रिकामा झाला.

काशीनाथ किटली घेऊन आला. टबात डोकावला आणि खालीच बसला.

"ई का कइला, गुरू? दुपहर में बिटिया के ससुरालवाले खाने पर आ रहे हैं! क्या परोसूँ, पानी?"

"सरांचा हुकूम होता," कुणाल म्हणाला. "सरांनी काहीतरी बघूनच सोडायला सांगितलं."

"कुछ नहीं देखा इन्होंने!"

"सरांवर बोलायचं नाही, काका."

कुणाल पुढे सरकला. त्याच्या मागे बाकीचे पाच सरकले आणि नाव एका अंगाला कलली. वासुदेवरावांना एकाएकी फार थकवा आला. हा मुलगा त्यांच्यासाठी भांडत होता.

"कुणाल, थांब," ते म्हणाले. "काशीनाथ बरोबर बोलतोय. मी जिवंत मासा आजच पहिल्यांदा पाहतोय. मी बरण्या सांभाळायचो, बाळा."

मग काशीनाथला हसू फुटलं. हसता हसता त्यानं पुन्हा जाळं टाकलं, ओढलं, आणि त्यातला एक मासा सरळ वासुदेवरावांच्या हातात दिला. "आँख से मत देखिए, महाराज. होंठ टटोलिए."

वासुदेवरावांनी अंग चोरत बोट लावलं. ओठाला बारीक झालर होती. हे त्यांनी शेकडो वेळा वाचलं होतं.

"रोहू!" ते ओरडलेच. "आणि एवढासा म्हणजे वर्षाचाही नाही. अजून दीड-दोन वर्षं हा अंडी घालणार नाही. आजच धरला तर याची पिलं कधी होणारच नाहीत."

"ई बात तो हमको नहीं मालूम थी," काशीनाथ हळूच म्हणाला. त्यानं तो मासा स्वतःच्या हातानं सोडला, आणि जाळ्यातले दोन थोराड मासे व्याह्यांसाठी ठेवले.

वासुदेवरावांनी नावेतच, कुणालच्या पाठीवर कागद टेकवून, उत्तर लिहिलं. "मी येतो. मासा ओळखायला श्री. काशीनाथ मल्लाह शिकवतील. तो का सोडायचा, ते मी सांगेन. सही माझी घ्यावी, ऐकावं दोघांचं."

ऑफिस घाटापासून दोन किलोमीटरवर होतं. मुलं पळत जाऊन पत्र द्यायला तयार होती. पण तिथे टपालाच्या शिक्क्याशिवाय काही घेत नाहीत, असं कुणालनं सांगितलं. म्हणून सगळेच पोस्टात गेले.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट हातात घेतलं आणि लगेच लांब धरलं. "बाबूजी, ये लिफ़ाफ़ा महक रहा है. मछली है क्या इसमें?"

"रोहूचा वास आहे," वासुदेवराव ठामपणे म्हणाले. "वय एक वर्षाच्या आत."

बाईंनी नाक दाबून शिक्का मारला आणि "कल पहुँच जाएगा" म्हणत स्पीड पोस्टची पावती पुढे सरकवली.