दोष क्रमांक सतरा

माणूस निवृत्त झाला की त्याने एखादा छंद लावून घ्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्या संकेतास अनुसरून तपासनीसांनी डीएसएलआर कॅमेरा घेतला. अभिलेख कार्यालयातून ते तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते आणि गल्लीत, नातेवाइकांत, दूधवाल्याकडेसुद्धा त्यांचं हेच नाव चालत होतं. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. अर्जावरचा फोटो आणि अर्जात लिहिलेली ओळखीची खूण जुळते की नाही, हे पाहणं. कपाळावर व्रण लिहिलाय आणि फोटोत कपाळावर केस आलेत, की अर्ज परत. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका दृष्टिक्षेपात ते परक्या माणसाच्या भुवईतली खोक शोधून काढत.

कॅमेरा घरात आला त्याच दिवशी त्यांनी दोष नोंदवही सुरू केली. दोष क्रमांक एक : सर्व छायाचित्रे काळी. कारण : भिंगावरील झाकण. दोष क्रमांक पाच : सर्व छायाचित्रे धूसर. कारण : फोकसचे बटण ऑटोवरून मॅन्युअलवर सरकलेले. सरकवणारी व्यक्ती : अज्ञात. घरात माणसं दोनच होती आणि दुसरीला कॅमेऱ्याला हात लावायची परवानगी नव्हती, पण तपासनीसांनी घाईने कोणावर ठपका ठेवला नाही. दोष क्रमांक नऊ : सर्व चेहरे काविळीचे. कारण : व्हाइट बॅलन्स. दोष क्रमांक सोळाने मात्र नाकी नऊ आणले. कॅमेऱ्याच्या खिडकीतून जग अंधुक दिसत होतं. तीन दिवस भिंग पुसल्यावर चष्मा न्हाणीघरात सापडला.

दुसरी व्यक्ती म्हणजे त्यांची बायको. शाळेत मुख्याध्यापिका असल्यामुळे अख्खी वस्ती त्यांना बाई म्हणे.

“अहो,” बाई एका सकाळी म्हणाल्या, “महिनाअखेर मीही रिटायर होतेय. कागदांना फोटो लागतो. शिवाय शाळेच्या हॉलमध्ये आधीच्या मुख्याध्यापकांच्या रांगेत माझाही लावणार आहेत. स्टुडिओत जाऊन येऊ का?”

“स्टुडिओत? घरात चोवीस मेगापिक्सेल पडलेले असताना?”

“मग तुम्ही काढा. मला आवडेल तुमच्या हातचा. दोन वर्षांत त्या भिंतीचे चारशे काढलेत, माझा एक नाही.”

भिंतीचे फोटो चाचणीसाठी होते, हे तपासनीसांनी पूर्वीही समजावून सांगितलं होतं. पण बाईंच्या बोलण्यात जे होतं ते त्यांना लागलं. त्यांनी खिडकीजवळ खुर्ची मांडली, बाईंना बसवलं आणि चाळीस फोटो काढले.

मग ते संगणकापुढे बसले. जाणकार छायाचित्रकार फोटो पाहत नाही, तो फोटो मोठा करतो. तपासनीसांनी पहिलाच फोटो चारशे टक्के मोठा केला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. चित्राच्या उजव्या बाजूस एक तपकिरी डाग होता. दुसऱ्या फोटोत होता. चाळीसही फोटोंत होता.

“काय झालं? दाखवा की,” बाई मागून म्हणाल्या.

“डाग येतोय. दोषनिवारण होईपर्यंत पाहता येणार नाही.”

आता रीतसर कारवाई सुरू झाली. सेन्सरवर धूळ बसली की असा डाग येतो, हे पुस्तकात होतं. त्यांनी बॅटरी पूर्ण भरली, आतला आरसा वर केला, कॅमेरा पालथा धरला आणि रबरी फुग्याने हवा मारली. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकी उडते, हेही पुस्तकात होतं. मग भिंतीचा फोटो काढला. भिंत स्वच्छ. बाईंचा काढला. डाग हजर. भिंग बदललं. भिंत स्वच्छ, कपाट स्वच्छ, समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा स्वच्छ. बाई, डाग.

“तू समोर आलीस की यंत्र बिघडतं,” तपासनीसांनी निष्कर्ष सांगितला.

“एकतीस वर्षं ऐकतेय,” बाई म्हणाल्या आणि शाळेत निघून गेल्या.

त्यांनी बाईंना आठवडाभर रोज सकाळी बसवलं. नोंदवहीत दोष क्रमांक सतरा भरत गेला. ‘डाग चल स्वरूपाचा. विषयाने मान वळवल्यास सोबत वळतो. विषय हसल्यास अंदाजे दोन मिलिमीटर वर सरकतो.’ जगात कुठल्याही सेन्सरवर अशी धूळ बसल्याची नोंद नव्हती. तपासनीसांनी हात टेकले आणि प्रकरण छायाचित्रकार मंडळाकडे वर्ग केलं.

मंडळाचा नियम होता की तांत्रिक शंका मांडताना फक्त सदोष भाग कापून आणावा. अख्खा फोटो दाखवल्यास सभासद रचनेवर बोलू लागतात आणि वेळ जातो. त्यामुळे पडद्यावर ताटाएवढा एक तपकिरी गोल आला. अकरा सभासदांनी उभं राहून पाहिला.

“बुरशी,” पहिला म्हणाला.

“छे, शटरचं तेल उडालंय,” दुसरा म्हणाला. “कडा बघा त्याच्या.”

चिटणीस अनुभवी होते. त्यांनी विचारलं, “डाग कधी हलतो?”

“बायको हलली की.”

“आणि बायको नसेल तर?”

“नसतो.”

सभागृह गंभीर झालं. चिटणिसांनी बराच विचार करून निर्णय दिला. “दोष विषयसापेक्ष आहे. यावर दुरुस्ती नाही. कॉम्प्युटरवर पुसून टाका.”

दोन टिचक्यांत डाग गेला. एवढी नितळ त्वचा तपासनीसांनी भिंतीखेरीज कुठे पाहिली नव्हती. त्यांनी एक प्रत निवृत्तीच्या कागदांना लावली आणि दुसरी मोठी करून, चौकटीत घालून शाळेत पोहोचवली.

हॉलमध्ये बाईंनी चौकट पहिल्यांदा पाहिली. बराच वेळ पाहिली.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “कोण आहे ही?”

तपासनीसांना ती दाद वाटली. ते घरी येईपर्यंत स्वतःवर खूश होते.

चौथ्या दिवशी अभिलेख कार्यालयातून कागद परत आले. शेरा होता : ‘छायाचित्र व ओळखीची खूण यांत तफावत.’ तपासनीस बाईंना घेऊन तडक कार्यालयात गेले. त्यांच्या जागेवर आता त्यांचाच जुना हाताखालचा कारकून बसला होता. त्याने उठून दोघांना खुर्च्या दिल्या, पण कागद दिले नाहीत.

“सर, अर्जदार आणि फोटोतली व्यक्ती एकच आहे, असं सिद्ध होत नाही.”

“अरे, ती तुझ्यासमोर बसली आहे!”

“समोर बसणं हा पुरावा होत नाही, सर. तुमचंच परिपत्रक आहे. मी फ्रेम करून लावलंय.”

खरंच लावलं होतं.

“पण तफावत आहे कुठे?” तपासनीस भडकले. “एक दोष ठेवलेला नाही मी त्या फोटोत!”

कारकुनाने बाईंची जुनी फाईल उघडून पुढे सरकवली. नोकरीला लागतानाचा अर्ज होता. अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून तपासनीसांनी चष्मा लावला. अक्षर त्यांचंच होतं. नवीन लग्न झालं होतं, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणून बाईंनी अर्ज त्यांच्याकडून भरून घेतला होता.

“मोठ्याने वाचा,” बाई म्हणाल्या.

“ओळखीची खूण,” तपासनीस वाचू लागले आणि त्यांचा आवाज उतरला. “डाव्या गालावर तीळ. हसताना किंचित वर सरकतो.”

रकान्यात पहिल्या तीन शब्दांचीच गरज होती. उरलेले चार त्या तरुणाने कोणीही न विचारता लिहिले होते. तपासनीसांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. मध्ये भिंग नव्हतं आणि काही मोठंही केलेलं नव्हतं. तीळ जागेवर होता. बाई हसल्या नाहीत, त्यामुळे तो सरकलाही नाही.

समोरच्या स्टुडिओत चार मिनिटांत फोटो निघाला. त्यात डोळे अर्धे मिटलेले होते, रंग पिवळट होता आणि कार्यालयाने तो विनातक्रार स्वीकारला. हॉलमधली चौकट बदलायला तपासनीस स्वतः शिडीवर चढले. घरी येऊन त्यांनी नोंदवही उघडली आणि दोष क्रमांक सतरापुढे कारणाच्या रकान्यात लिहिलं : तपासनीस.

एवढं वाचून वाचकांस हसू आलं असल्यास हरकत नाही. मात्र हसण्यापूर्वी खालील माहिती जागेवर बसूनच भरून द्यावी. फोन उघडून, फोटो मोठा करून पाहण्यास सक्त मनाई आहे, आणि संबंधित व्यक्ती शेजारच्या खोलीत असल्यास उठून जाऊन पाहता येणार नाही.

घरातील सर्वांत जवळच्या व्यक्तीच्या चेहऱ्यावरील ओळखीची खूण : ………………