आठ ते दहा तास

"आठ ते दहा तास म्हणजे काय? आठ, की दहा?"

कंट्रोलरसाहेबांनी शनिवारी संध्याकाळी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. समोर त्यांची लेक मोबाइल धरून बसली होती आणि मोबाइलवर डुकराच्या खांद्याची पाककृती होती, थेट लॅटिन अमेरिकेकडची. संत्र्याचा रस, लिंबू, लसणाचा अख्खा गड्डा, जिरं, ओरेगानो, आणि मग स्लो कुकरमध्ये मंद आचेवर आठ ते दहा तास.

"बाबा, मांस आहे ते. शिजलं की शिजलं."

"आणि जेवणाऱ्यांनी कधी बसायचं? आठ ते दहाच्या मध्ये केव्हातरी? असं वेळापत्रक मी लावलं असतं ना, तर लोकांनी डेपो पेटवला असता."

माणूस खोटं बोलत नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी बस डेपोत गाड्या सोडल्या होत्या. तोंडात शिट्टी, हातात घड्याळ. नऊ दहा म्हणजे नऊ दहा. एकदा नऊ दहाच्या गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून एक बाई आपली बॅग वर चढवत होत्या. साहेबांनी शिट्टी दिली. बॅग गेली, बाई राहिल्या. त्या बाई म्हणजे साहेबांच्या सख्ख्या सासूबाई. गेली चार वर्षं सासूबाई यांच्याच घरी राहतात आणि त्या बॅगेत काय काय होतं याची यादी त्यांना अजून तोंडपाठ आहे.

साहेब निवृत्त झाले तेव्हा ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींनी त्यांना जी भेट दिली तीही मोठी खोचक निघाली. स्लो कुकर! "साहेब, आता जरा सावकाश," असं म्हणून त्यांनी तो हातात ठेवला आणि सगळा डेपो खो खो हसला. साहेबांनी तो खोका घरी नेऊन कपाटावर टाकला, तो आठ महिने तिथेच होता.

तो खाली निघाला तो बायकोसाठी. बायको मोठ्या इस्पितळात नर्स होती. घरीदारी सगळे तिला सिस्टरच म्हणत, साहेबसुद्धा. आणि काय बाई होती, खरंच सांगतो! ज्या पोराची शीर तीन-तीन डॉक्टरांना सापडत नाही, ती हिला त्या पोराशी गप्पा मारता मारता सापडायची. रुग्ण घरी जाताना डॉक्टरांना नमस्कार करायचे आणि हिला शोधत हिंडायचे. साहेबांना बायकोचा भारी अभिमान होता. फक्त तो त्यांनी तिला कधी सांगितला नव्हता, कारण वेळापत्रकात तशी जागा नव्हती.

सव्वीस वर्षांनी सिस्टरला मेट्रनची जागा चालून आली. पण पाळी दुपारी दोन ते रात्री दहाची. होकाराच्या फॉर्मवर सोमवारपर्यंत सही करायची होती.

"मी नाही म्हणणार," ती गुरुवारी जेवताना म्हणाली होती. "रात्री काय खाल तुम्ही तिघं? पाव?"

"मी करीन स्वयंपाक," साहेब म्हणाले.

"तुम्ही?"

"जावईबापूंना चहा येतो का?" सासूबाईंनी भिंतीला विचारलं.

साहेबांना ते झोंबलं. "रविवारी दुपारी एक वाजता जेवायला बसा," ते म्हणाले. "जेवा, आणि मग ठरव. चांगलं झालं तर सही करायची."

पदार्थही त्यांनी साधासुधा निवडला नाही. फार वर्षांपूर्वी सिस्टर तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला परदेशात गेली होती. तिथल्या एका नर्सने तिला घरी बोलावून असंच डुक्कर खाऊ घातलं होतं. "काट्याने नुसतं ओढलं की सुटून यायचं हो," हे वाक्य साहेबांनी वर्षातून दोनदा तरी ऐकलं होतं. आपल्या जेवणापायी बायकोची जागा घालवायची नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

रविवारी पहाटे साडेचारला साहेब उठले. खाटकाने आदल्या दिवशी दिलेला अडीच किलोचा खांदा त्यांनी रात्रीच लसूण-संत्र्यात घोळवून फ्रिजमध्ये ठेवला होता. बरोबर पाचला खांदा कुकरमध्ये गेला, झाकण बसलं, बटण 'लो'वर आलं. पाच अधिक आठ, एक. दहाबिहा काही नाही. फ्रिजच्या दारावर त्यांनी कागद चिकटवला आणि पहिली नोंद केली, '५.०० सुटली.'

सात वाजता सिस्टर सासूबाईंना घेऊन भावाकडे गेली. जाताना तिने ओट्याकडे पाहिलं. लेक झोपलेलीच होती. साहेबांना मोकळं रान मिळालं.

आता तुम्हीच सांगा, जो माणूस एकतीस वर्षं प्रत्येक गाडी कुठे पोचली याची खबर घेत आला, तो भांड्यावर झाकण ठेवून गप्प बसेल का? दर पंधरा मिनिटांनी साहेब झाकण उघडत, आत वाकून बघत, काटा खुपसत आणि कागदावर लिहीत. '५.१५ जैसे थे.' '५.३० जैसे थे.' '५.४५ वास येतो.' असं करता करता दहा वाजले, कागद भरला, पण डुक्कर काही बधलं नाही. काटा आत जात होता आणि तिथेच अडकत होता.

दहा वाजता लेक डोळे चोळत आली. तिने कागद वाचला आणि तिची झोप खाडकन उतरली.

"बाबा! तुम्ही झाकण उघडताय?"

"मग बघायचं कसं?"

"बघायचंच नसतं! सगळी वाफ जाते. दर वेळी उघडलं की वीस मिनिटं वाढतात. खाली लिहिलंय इथे. शेवटची ओळ."

शेवटची ओळ साहेबांनी वाचली नव्हती. आठ ते दहापाशीच त्यांचं डोकं फिरलं होतं. त्यांनी मुकाट्याने पेन्सिल घेतली. वीस वेळा उघडलं, वीस मिनिटांप्रमाणे चारशे मिनिटं. म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. आणि शिजायला ठेवून झाले होते पाच तास.

"अगं, म्हणजे हे अजून शिजायला लागलेलंच नाही!" साहेब हादरले. "उलट एक तास चाळीस मिनिटं आणखी कच्चं झालंय."

"असं नसतं बाबा."

"आकडे आहेत माझ्याकडे!"

"प्रेशर कुकरला लावू या का? चार शिट्ट्यांत होईल."

शिट्टीचं नाव काढल्यावर साहेबांच्या डोळ्यांत जी चमक आली ती लेकीने पाहिली. पण लगेच ते मान हलवायला लागले. "नको. तिने खाल्लं होतं ते असं शिट्ट्या मारून केलेलं नव्हतं. सव्वीस वर्षांनी जागा आलीय तिला. घाईघाईत काहीतरी चिवट पुढ्यात ठेवायचं आणि म्हणायचं कर सही? छे."

मग लेकीने बटण 'हाय'वर नेलं. साहेबांनी दुसऱ्या प्लगवर विजेच्या शेगडीत काळा राजमा शिजायला लावला, तिसऱ्यावर भाताचा कुकर लावला, आणि मक्याच्या पातळ पोळ्या गरम करायला ओव्हन सुरू केला. फट्! घरातली सगळी वीज गेली.

तळमजल्यावरचा इलेक्ट्रिशियन रविवार असूनही धावत आला, कारण त्याच्या आईला मागे सिस्टरनेच पंधरा दिवस सांभाळलं होतं. "सिस्टरबाईंचं घर ना? मग काय विचारता," असं म्हणत त्याने फ्यूज बदलला. अर्धा तास गेला तो गेलाच. निघताना तो ओट्यापाशी थांबला, डोळे मिटून त्याने वास घेतला, "अहाहा, काय घाट घातलाय साहेब!" म्हणाला आणि साहेबांनी तोंड उघडायच्या आत त्याने झाकण उचललं.

साहेबांनी खिशातून शिट्टी काढून अशी फुंकली की तो झाकण टाकून जिन्यापर्यंत पळाला.

"आणखी वीस मिनिटं!" साहेब त्याच्या मागून ओरडले. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि कुकरसमोर ठाण मांडून बसले.

बरोबर एक वाजता दार वाजलं. सिस्टर आत आली, सासूबाई आल्या. साहेब उठून उभे राहिले. हे वाक्य त्यांनी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते नीट आलंही नाही.

"एक वाजताचं... ते जरा... उशिराने आहे."

सासूबाईंचा चेहरा असा खुलला की काय सांगावं! त्यांनी पदर सारखा केला, खुर्ची ओढली आणि मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. "किती उशिराने?"

"चार. साडेचार."

"अहो, एक म्हणजे एक, नाही का हो जावईबापू? माझ्या बॅगेला बरं तेव्हा..."

"आई," सिस्टर म्हणाली. तिने चप्पल काढली, हात धुतले आणि कागदावरच्या नोंदी वरपासून खालपर्यंत वाचल्या. हसू तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने ते आवरलं. "वीस वेळा?"

"एकवीस. एकदा इलेक्ट्रिशियन."

"अहो, जखम बांधल्यावर दर पंधरा मिनिटांनी पट्टी सोडून बघतात का? भरेल कशी ती?"

एवढंच बोलून ती त्यांच्या शेजारी दुसरं स्टूल घेऊन बसली. पोटात कावळे ओरडत होते, तरी तिने एकदाही झाकणाला हात लावला नाही. त्या परदेशातल्या नर्सच्या गोष्टी ती लेकीला सांगत राहिली. साहेब ऐकत होते आणि बायकोकडे बघत होते. ही अशीच रोज कुणाकुणाच्या उशाशी बसत असेल, न कंटाळता, हे त्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. पावणेतीनला मात्र त्यांचा हात आपोआप झाकणाकडे गेला. सिस्टरने तो मनगटाशीच पकडला आणि दुसऱ्या हातावरचं घड्याळ बघितलं.

"एकशे दहा," ती म्हणाली. "नाडी. शांत बसा."

"सिस्टर, तू ग्रेट आहेस," साहेबांच्या तोंडून निघून गेलं. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. "म्हणजे... बसणं. थांबणं. मला नसतं जमलं. ती जागा तुझीच आहे गं. माझ्या स्वयंपाकासाठी सोडू नकोस."

 सिस्टरने नुसताच हात सोडला, तोही जरा वेळाने.

साडेचारला तिनेच मान हलवली आणि साहेबांनी झाकण काढलं. वाफ बाजूला झाली. त्यांनी चिमट्याने हाड धरलं, तर हाड एकटंच वर आलं, स्वच्छ, आणि मांस खाली आपल्या आपण उलगडलं. लेकीने टाळ्या वाजवल्या. भातावर काळा राजमा, त्यावर लसूण-संत्र्याचा तो रस, बाजूला गरम पोळ्या. पहिली पाच मिनिटं घरात फक्त चमच्यांचा आवाज होता. सासूबाईंनी तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा 'मीठ बघते' म्हणाल्या. सिस्टरने पहिला घास खाल्ला आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"तसंच?" साहेबांनी हळूच विचारलं.

"त्याहून बरं."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "मग उद्या सही करशील ना?"

सिस्टरने ताटात बोट फिरवलं. "सही मी शुक्रवारीच केली."

"शुक्रवारी?"

"गुरुवारी नाही म्हटलं, आणि रात्रभर झोप नाही आली. सकाळी जाऊन सही करून टाकली."

"मग आमच्या जेवणाचं गं?"

"डबा लावला. चौकातल्या बाईंकडे. तीन डबे, उद्यापासून."

साहेबांचा घास हातातच राहिला. सही झाली याचा त्यांना आनंदच झाला, पण त्या डब्यांनी त्यांच्या काळजात कळ आली. "म्हणजे भरवसा नव्हताच तुझा माझ्यावर."

"कसा असणार? गेल्या महिन्यात अंडं उकडायला ठेवलंत, आठ मिनिटं घड्याळ धरून उभे राहिलात आणि गॅस पेटवायचाच राहिला होता."

 साहेबांनी ताटं गोळा केली आणि ते मोरीकडे गेले. पाठीमागे सिस्टरने फोन लावल्याचा आवाज आला.

"ताई, मी सिस्टर बोलतेय. ते उद्यापासूनचे तीन डबे सांगितले होते ना, ते नको आता. नाही हो, दुसरीकडे नाही लावले. घरीच होईल. माझे मिस्टर करतात."

साहेबांनी नळ बंद केला. पलीकडून बाई काहीतरी विचारत होत्या आणि बराच वेळ विचारत होत्या.

"उशीर लागतो हो त्यांना," सिस्टर म्हणाली. "आज चांगला साडेतीन तास लागला. पण थांबले मी."

सासूबाईंनी रस पुसून घेतलेली पोळी तोंडात टाकली आणि फोनच्या दिशेने मान लांब केली.

"मीही थांबले म्हणावं त्यांना."