खांबेटेकाकांची व्हिएतनामी संध्याकाळ

दारूचा थेंब न चाखलेला, केकमध्ये अंडं आहे का हे बेकरीतल्या मुलीला पुन्हा पुन्हा विचारून भंडावणारा आणि व्हिएतनाम फक्त नकाशात पाहिलेला एक माणूस दर शुक्रवारी संध्याकाळी ड्रेस्डेनमध्ये व्हिएतनामी स्ट्रीट फूड आणि कॉकटेलची सहल काढतो, असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बाई फेकतेय. मला कुणी सांगितलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण ही सहल मी स्वतः केली आहे, आणि ती संध्याकाळ आठवली की आजही मला बसल्या जागी हुरूप येतो.

माणसाचं नाव अरविंद खांबेटे. आम्हा सगळ्यांचे खांबेटेकाका. कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात, धुळीचा कणही चालत नाही अशा क्लीनरूममध्ये मालाची तपासणी करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले तरी तपासणी काही सुटली नाही. आमच्याकडे गणपतीला आले की आधी मोदकांच्या कळ्या निरखणार आणि मग देवाला नमस्कार करणार. "लक्षात येतंय का?" हे त्यांचं पालुपद. समोरच्याच्या लक्षात आलं तरी विचारतात आणि नाही आलं तरी विचारतात, फक्त दुसऱ्या खेपेला आवाज चढलेला असतो.

सहलीचं खरं कारण ड्रेस्डेनमधल्या झाडून सगळ्या मराठी माणसांना ठाऊक आहे, पण काकांसमोर तो विषय कुणी काढत नाही. काकांना केतकी ही एकच मुलगी. इथेच जन्मली, इथेच शिकून इंजिनिअर झाली आणि तुआनशी लग्न करून मोकळी झाली. तुआन इथल्याच व्हिएतनामी घरातला. पूर्व जर्मनी होती तेव्हा त्याच्या आईवडलांना इथल्या कारखान्यात कामासाठी आणलं होतं. पुढे बर्लिनची भिंत पडली, कारखाना बंद झाला, आणि इतर अनेकांसारखं त्यांनीही भाजीचं दुकान टाकलं. लग्नाला काकांची ना नव्हती. उलट हा मुलगा पान चाटूनपुसून स्वच्छ करून उठतो म्हणून ते जावयावर खूश होते.

बिनसलं ते नंतर. केतकी आणि तुआननं नॉयश्टाट भागात एक बार काढला. काकू जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाबांना आनंद होईल म्हणून केतकीनं बारचं नाव शेवटपर्यंत गुलदस्त्यात ठेवलं. उद्घाटनाला काका इस्त्रीचा शर्ट घालून, पेढे घेऊन गेले आणि दारावर गुलाबी दिव्यांत चमकणारं बायकोचं नाव वाचून फुटपाथवरच थबकले. 'नलू'. "दारूच्या दुकानावर तुझ्या आईचं नाव? या दुकानात मी पाऊल ठेवणार नाही!" काका सगळ्यांदेखत ओरडले. केतकी रागावली की जर्मनमध्ये बोलते. नका ठेवू, असं तिनं जर्मनमध्ये सांगितलं. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद.

आता खांबेटेकाकांचा शब्द म्हणजे शब्द. पण बार नवा होता, गिऱ्हाईक बेताचंच होतं, आणि काका रोज फिरायला म्हणून बाहेर पडून पलीकडच्या फुटपाथवरून तिथल्या रिकाम्या खुर्च्या बघत जायचे. त्यातून ही सहल निघाली. आमच्या सुहासपाशी, म्हणजे माझ्या नवऱ्यापाशी, ते एकदाच बोलून गेले. "मी माझं पाऊल ठेवणार नाही म्हणालो. इतरांच्या पावलांबद्दल मी काही बोललो नव्हतो. लक्षात येतंय का?"

आम्ही गेलो तो जूनमधला शुक्रवार होता. लख्ख ऊन, झाडाखालचे सगळे बाक भरलेले, आणि हवेत कुठून तरी तळणीचा वास. स्टेशनबाहेर आम्ही चौघं जमलो. मी, सुहास, पुण्याहून नुकताच नोकरीला आलेला ओंकार आणि काकांच्या शेजारीणबाई फ्राउ रिश्टर. या आजी दर शुक्रवारी न चुकता येतात. इतर गाइड छत्री नाहीतर झेंडा उंच धरतात. काका झारा धरतात. पुऱ्या तळायचा, लांब दांड्याचा, पितळी. तो ट्रामच्या तारांच्या दिशेनं उगारून ते गर्दीतून चालत आले तेव्हा एका जर्मन बाईनं आपलं कुत्रं जवळ ओढलं.

"आल्झो मंडळी, हात पुढे!" काकांनी फर्मावलं (मराठीतलं 'तर' ते नेहमी जर्मनमध्ये म्हणतात) आणि आमच्या तळव्यांवर जंतुनाशकाचे थेंब टाकले. मग नखं पाहिली. सुहासची नापास झाली.

पहिला मुक्काम हाँगबाईंची टपरी. काका सगळ्या व्हिएतनामी बायकांच्या नावापुढे 'बाई' लावतात आणि त्या बायकांना ते चालतं. हाँगबाईंनी तापलेल्या तव्यावर पिवळंजर्द पीठ ओतलं आणि असा काही चर्रर आवाज झाला की ओंकार मागे सरकला. "याला म्हणतात बान्ह सेओ," काका झारा रोखून सांगू लागले. "आल्झो, आपलं घावन. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध. फरक एवढाच, आपलं घावन मुकाट्यानं भाजतं, हे ओरडतं. आत कोळंबी आहे, तिच्याकडे मी बघत नाही. पानात गुंडाळा, चटणीत बुडवा, खा. बोलू नका!"

आम्ही खाल्लं. काय सांगू तुम्हाला! वर कुरकुरीत, आत लुसलुशीत, आणि बरोबर कसली कसली हिरवी पानं. माझी तर पहिल्या घासालाच समाधी लागली.

"मस्त आहे काका," ओंकार म्हणाला आणि बिचारा फसला.

"मस्त हा काय रिपोर्ट झाला? आधी काय आलं? आंबट की गोड? गिळल्यावर मागे काय राहिलं?"

ओंकारनं डोळे मिटून विचार केला. "आधी कोळंबीचा गोडवा. मग पुदिन्यासारखं काहीतरी. मग तिखट."

"तिखट जिभेवर की घशात?"

"घशात."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" काका खूश झाले. ही त्यांची पद्धत. स्वतः असलं सामिष काही खात नाहीत, पण खाणाऱ्याची उलटतपासणी घेऊन चव डोक्यात साठवतात आणि पुढच्या शुक्रवारी ती अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस हनोईच्या फुटपाथवरच वाढला. हाँगबाईंनी त्यांच्यापुढे टोफूची बशी सरकवली. "यात 'ते' नाही ना?" काकांनी जर्मनमध्ये विचारलं. 'ते' म्हणजे माशाचं सॉस. त्याचं नाव ते तोंडानं घेत नाहीत. नाही नाही, असं हाँगबाई त्यांच्याहून मोठ्यानं ओरडल्या. हा संवाद दर शुक्रवारी असाच होतो, असं फ्राउ रिश्टरनी मला हळूच सांगितलं.

तिथून आम्ही जवळजवळ धावतच पुढे गेलो, कारण झारा धावत होता. एका ठिकाणी शेवयांचं वाफाळतं सूप, त्याला काका "सार, पण घरंदाज" म्हणतात. एका ठिकाणी नारळाच्या दुधातली साबुदाण्याची गार खीर. तिथल्या मालकानं सांगितलं, खीर जरा गोड झालीय म्हणतात लोक. काका त्याच्यावर उखडले. गोड झालेली नाही, लोकांच्या जिभा नादुरुस्त आहेत! खीर त्यांनी स्वतः खाल्ली होती, शाकाहारी म्हणून, आणि आपला अंदाज चुकला हे ऐकून घ्यायची त्यांना सवय नाही. फ्राउ रिश्टर प्रत्येक ठिकाणी आधी संपवायच्या आणि आमच्या वाडग्यांत डोकावायच्या. मी इतकी हसले की पोटात जागा झाली आणि आणखी खाल्लं.

शेवटचा मुक्काम 'नलू'. गल्ली वळल्याबरोबर काकांचा आवाज उतरला. दारापासून थोडं अलीकडे त्यांनी झारा खाली घेतला. "आल्झो, इथून पुढे तुआन बघेल. मी बाहेर हजेरीला आहे."

"चार माणसांची कसली हो हजेरी, काका?" मी म्हटलं.

"शिस्त असते," काका म्हणाले आणि पलीकडच्या सायकलींकडे बघू लागले.

आत जत्रा भरली होती. एकही खुर्ची रिकामी नव्हती. काउंटरमागे केतकी, बाह्या सरसावलेल्या, हातातलं भांडं कानाशी धरून खळखळ हलवतेय. तुआननं आमच्यापुढे ग्लास ठेवले. रम, लिंबू, ठेचलेला गवती चहा आणि ग्लासाच्या कडेला मिरचीचं मीठ. ओंकारनं घोट घेतला आणि कुणी न विचारता म्हणाला, "आधी आंबट, मग थंड, तिखट ओठांवर." पोरगा तयार झाला होता.

तेवढ्यात केतकीनं एक उंच ग्लास भरला. गवती चहा, लिंबू, साखर, मीठ. दारू नाही. "मुग्धाताई, हा बाहेर देशील? गाइडला आमच्याकडे एक मोफत असतो," ती दुसरीकडेच बघत म्हणाली. इतर कुठल्या गाइडला आम्ही साधं पाणी देत नाही, असं तुआन माझ्या कानाशी पुटपुटला.

काकांनी ग्लास उजेडाकडे धरून तपासला, मग शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. "बरं आहे. मीठ चिमूटभर जास्त." मग कोटाच्या खिशातून स्टीलची डबी काढली आणि तिच्यातला रव्याचा लाडू अलगद त्या ग्लासात सोडला.

"हे काय?"

"अगं, रिकामं भांडं परत देतात का कधी? तुझ्या आईनं काही शिकवलं नाही?"

फ्राउ रिश्टर सिगरेट ओढायला बाहेर आल्या होत्या. त्यांनी मला सगळं सांगितलं. दर शुक्रवारी ग्लास येतो आणि दर शुक्रवारी काहीतरी घेऊन आत जातो. कधी शेंगदाणे, कधी बाल्कनीतल्या कुंडीतला कढीपत्ता. एकदा नुसत्या दोन हिरव्या मिरच्या, त्या आठवड्यात काका फारच चिडलेले होते. बोलत मात्र कुणी नाही.

"लाडू मी केलाय," काका म्हणाले. "पहिल्यांदाच." मला ठाऊक होतं, काकूंच्या लाडवांसाठी लोक लाइपझिगहून यायचे.

मी ग्लास आत नेला. एरवी केतकी ग्लासातलं सगळं न बोलता एका वाटीत काढून ठेवते आणि घरी नेते, हे तुआननंच सांगितलं. आज तिनं हातातलं काम थांबवलं. लाडू बाहेर काढला, मोडला आणि अर्धा तोंडात टाकला. ती सावकाश चावत होती. मागून कुणीतरी ऑर्डर देत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

"रवा कच्चा आहे," ती मराठीत म्हणाली. "सांग त्यांना."

झाली का पंचाईत! खिरीवरून भांडणाऱ्या माणसाला हे सांगायचं कसं? शेवटी मी बाहेर येऊन सरळ सांगून टाकलं. "काका, रवा कच्चा आहे म्हणतेय."

"कच्चा?"

"हो."

"म्हणजे खाल्ला तिनं?"

"अर्धा."

"हे मराठीत म्हणाली की जर्मनमध्ये?"

"मराठीत."

काकांनी झारा फ्राउ रिश्टरच्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी कोटाची बटणं उगाच काढून पुन्हा लावली. चेहरा असा फुलला होता की मला बघवेना. "विचार तिला, किती वेळ भाजायचा. जा, लवकर जा!"

मी पळाले. केतकी फडक्यानं तीच जागा पुन्हा पुन्हा पुसत होती. "त्याला वेळ नसतो. वासावर कळतं. आई शेजारी उभं करून दाखवायची." मग थांबून म्हणाली, "हे असं निरोप पाठवून नाही शिकवता येत, ताई."

तेही मी जसंच्या तसं बाहेर नेलं. काकांनी वर बायकोच्या नावाकडे बघितलं. "शब्द दिलाय गं मी," ते म्हणाले. मला त्यांची दया आली आणि तितकाच रागही आला.

"मग उभे राहा इथेच," मी म्हटलं.

काका दारापर्यंत चालत गेले. उंबऱ्याशी वाकले, सावकाश बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले आणि भिंतीकडेला शेजारी शेजारी नीट लावून ठेवले.

"अहो काका, बार आहे तो!"

"दुकानात कुणी बूट काढून जातं का?" काका म्हणाले. "लक्षात येतंय का?" आणि ते आत गेले.

मोज्यांवर चालणारा म्हातारा बघून लोक आपोआप बाजूला झाले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तुआननं आधी पाहिलं आणि हातातली बाटली खाली ठेवली. मग केतकीनं वळून पाहिलं. आधी त्यांच्या तोंडाकडे, मग पायांकडे.

"बाबा, बूट घाला. खाली काचा असतात."

"हो, हो," काका म्हणाले, पण जागचे हलले नाहीत. त्यांना बहुतेक हलताच येत नव्हतं.

केतकी काउंटरमागून बाहेर आली. आमच्या मधून वाट काढत दाराशी गेली, बूट घेऊन आली आणि भर गर्दीत त्यांच्या पायांशी बसली. एक पाय हातात घेतला, तळवा चाचपून पाहिला.

"मोजा फाटलाय," ती म्हणाली.

"हो गं," काका म्हणाले. "फाटलाय."