गोधडीखालचा सौदा

लातूर जिल्हा झाला खरा, पण जिल्ह्याला शोभेल असं गावात अजून काही झालं नव्हतं. तालुका होता तोवर पाऊस निदान तोंड तरी दाखवायचा, जिल्हा झाल्यावर तोही रुसला. अशात मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून विचारणा आली आणि कलेक्टरसाहेबांनी तत्परतेने हो म्हणून टाकलं. अमेरिकेतल्या लाकोटा जमातीचे बुजुर्ग चित्रकार विल्बर ग्रेहॉर्स यांच्या आयुष्यभराच्या चित्रांचं फिरतं प्रदर्शन, हैदराबादहून औरंगाबादला जाताना, तीन दिवस लातुरात थांबणार होतं, आणि चित्रांबरोबर ते स्वतःही येणार होते. ते लावायचं कुठं, हे निवृत्त ड्रॉइंग मास्तर दत्तोपंतांनी बघावं असं ठरलं. इंग्रजी बोलणारा, चित्रांतलं कळणारा आणि वर रिकामा, असा गावात तो एकच माणूस होता.

एवढी मोठी रिकामी जागाही एकच होती, गुरुबसप्पा अडत्यांचं गोदाम. दोन वर्षं पीक नसल्यामुळे त्यात तुरीच्या वासाशिवाय काही उरलं नव्हतं. पोरांसाठी चित्रशाळा काढावी म्हणून दत्तोपंत वर्षभर याच गोदामामागे लागले होते.

"आन् उद्या पाऊस पडला तर तूर कुठं ठिवू?" गुरुबसप्पा दर वेळी विचारायचे. "तुमच्या डोक्यावर?"

पण तीन दिवसांपुरतं अमेरिकेला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. दत्तोपंतांनी मनाशी ठरवलं, की पाहुण्यांची चित्रं आणि गर्दी बघून अप्पा विरघळले तर ठीक, नाहीतर चित्रशाळेचं नाव पुन्हा काढायचं नाही. रोज उठून नकार ऐकायचा म्हणजे गंमत नव्हती.

गर्दी झाली, तीही कशी! टँकरच्या रांगेत घागर ठेवायची आणि नंबर येईपर्यंत अमेरिका बघून यायची, असा बायकांचा क्रम सुरू झाला. गोदामात शिरताच समोरच्या चित्रात भला थोरला रानरेडा होता, खांद्यावर डोंगराएवढं वशिंड आणि पायाखाली वाळलेलं गवत. पलीकडे ग्रेहॉर्ससाहेबांच्या आजोबांनी चितारलेलं एक जुनं कातडं होतं. त्यांच्याकडे सरत्या वर्षाची आठवण म्हणून एकच चित्र काढायची रीत होती, आणि अशी वर्षामागून वर्षं त्यावर गोल फिरत गेली होती.

"साहेबाला विचारा, आमचं औंदाचं साल असतं तर काय काढलं असतं?" गुरुबसप्पांच्या बायकोने, नागम्मांनी विचारलं.

दत्तोपंतांनी विचारलं. सत्तरीच्या साहेबांनी बाहेरच्या घागरींच्या रांगेकडे बोट केलं. नागम्मांना ते इतकं पटलं की त्यांनी घरून ताक मागवलं.

गुरुबसप्पा मात्र तिन्ही दिवस रानरेड्यासमोर हाताची घडी घालून उभे होते. "ह्याला रोज किती कडबा लागत असंल?" एवढाच प्रश्न त्यांनी तीनदा विचारला. दत्तोपंतांना त्यात विरघळण्याचं लक्षण दिसेना.

घोटाळा झाला तो समारोपाला. साहेब बोलायला उठले. "इतक्या शहरांत फिरलो, पण अशी जागा मिळाली नाही. इथून हलावंसं वाटत नाही," ते म्हणाले आणि दत्तोपंतांनी ते मराठीत सांगितलं. मग साहेबांनी पेटीतून मोठ्या चांदणीची एक रंगीत गोधडी काढली. ज्याचा मान करायचा त्याच्या खांद्यावर अशी गोधडी घालायची, ही त्यांची पद्धत. ती त्यांनी गुरुबसप्पांच्या खांद्यावर घातली आणि तिच्याच आड त्यांचा हात प्रेमाने घट्ट धरला. टाळ्या पडल्या. गुरुबसप्पांचा चेहरा मात्र पांढरा पडला.

"मास्तर, घात झाला," त्यांनी दत्तोपंतांना बाजूला ओढलं. "गोदाम इकलं गेलं."

"काय? कुणाला?"

"साहेबाला! तुमच्यासमोर तर झालं. जागा आवडली म्हनले, कापड टाकलं, खालून बोटं दाबली. आन् माझ्या हातानं उलटी दाबून हो म्हनलं की! जल्माची सवय, हात इचारतो व्हय मला?"

आता दत्तोपंतांच्या डोक्यात उजेड पडला. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायची जुनी रीत कायद्याने बंद झाली होती, पण ती अडत्यांच्या हाडात मुरलेली होती. असा ठरलेला सौदा गुरुबसप्पांच्या घराण्यात कुणी मोडला नव्हता.

"अहो अप्पा, ते नुसतं हात मिळवणं होतं!"

"हात मिळवायला गोधडी कशाला लागती?"

सगळ्या अडत लाइनीने ते पाहिलं होतं, आणि शेजारच्या दुकानदाराने 'चांगला भाव आला का?' असं विचारूनही घेतलं होतं. नागम्मा कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तीन दिस रेड्याकडं बघत ऱ्हायले, तवाच मला वाटलं, ह्येंचं काय खरं न्हाई."

तिघेही विश्रामगृहावर गेले. दत्तोपंतांनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मग म्हणाले, "मी गोदाम घेऊन काय करू? सांगा त्यांना, त्यांचं त्यांच्याकडेच राहू दे. इथं चित्रं काढणारी मुलं असतील तर त्यांना मात्र भिंती दाखवा."

दत्तोपंतांनी प्रामाणिकपणे शब्दन् शब्द सांगितला. मुलांच्या वाक्यातही पदरचं काही घातलं नाही.

"तोंडानं न्हाई मोडत सौदा," गुरुबसप्पा म्हणाले. "जसा केला तसाच मोडावा लागतो." त्यांनी आपल्याच खांद्यावरची गोधडी दोघांच्या हातांवर ओढली. बराच वेळ गोधडी खालून हलत राहिली. दोघांचे चेहरे गंभीर होते. शेवटी हात बाहेर आले.

"काय ठरलं?" दत्तोपंतांना राहवेना.

"कापडाखालचं सांगत नसत्यात, मास्तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी नागम्मा दत्तोपंतांच्या दारात आल्या आणि गोदामाची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "साहेबानं गोदाम सोडलं म्हनं. जागेत पोरांनी चित्रं काढावी आन् मास्तरांनी बघावं, असं ठरलं म्हनं. पाऊस पडला तर तुरीला एक कोपरा ठिवायचा."

"वहिनी, बोटं दाबून एवढं सगळं सांगता येतं?"

"मला तर आजवर बोटानं निस्ता भाव ठरलेला ठावं हाय. पर तुम्ही घ्या, इचारू नका."

दत्तोपंत तसेच धावत विश्रामगृहावर गेले. साहेबांच्या पेट्या ट्रकवर चढत होत्या आणि गुरुबसप्पा जातीने उभे राहून रानरेड्याला दोर बांधून घेत होते. दत्तोपंतांनी साहेबांना हळूच विचारलं, "काल गोधडीखाली काय ठरलं हो?"

"ठरलं?" साहेब चकित झाले. "त्यांची बोटं गार पडली होती. म्हातारा घाबरलाय वाटलं, म्हणून मी चोळत बसलो. का?"

दत्तोपंतांच्या खिशात किल्ली एकदम जड झाली. तेवढ्यात गुरुबसप्पा जवळ आले.

"काय म्हनत्यात साहेब?"

दत्तोपंतांनी साहेबांकडे पाहिलं, भरलेल्या ट्रकाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चुकीचं भाषांतर केलं.

"म्हणतात, सौदा पक्का. ठरला तसाच."

"असं म्हनले?"

"हो."

गुरुबसप्पा गोधडी खांद्यावर नीट करत म्हणाले, "लई झ्याक झालं. मला वाटलं व्हतं, त्येन्ला बोटांतलं काय कळलंच न्हाई."