चार वायरी आणि काळी टेप

आपली चिप उद्या पुण्याच्या प्रयोगशाळेत चालणार म्हणजे चालणार, असं तेजस्विनीने ठरवूनच टाकलं होतं. वर्षभर राबून केलेल्या तीन चिपांपैकी ही शेवटची. आधीच्या दोन्ही, हाताळणाऱ्याच्या अंगावरच्या स्थिर विजेने, प्रवासातच जळाल्या होत्या. हीही गेली तर पीएचडीचं आणखी एक वर्ष पाण्यात.

चिप म्हणजे विजेचा द्वारका चौक, शहरातला सगळ्यात तुंबणारा. चार बाजूंनी चार वायरी, मधे अतिवाहक धातू. भयंकर थंड केला की वीज कुठूनही शिरते आणि ब्रेक न दाबता कुठूनही बाहेर पडते. इंदिरानगरच्या तापलेल्या घरात मात्र विजेने अडखळायलाच हवं.

निघायच्या आदल्या सकाळी तेजस्विनीने नाजूक मीटर लावून पाहिलं. अडथळा शून्य! वायरींच्या दुसऱ्या जोडीला शून्य. तिसरीलाही शून्य. पारा अडतीसवर आणि वीज सुसाट.

"आई, मी जग बदललं."

"बरं. आधी पोहे खा," आई म्हणाली आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाली. तासाभरात पेढे आले. दुपारपर्यंत चेअरमन रविराजांचा फ्लेक्स कोपऱ्यावर लागला: 'शून्य अडथळ्याचा शोध लावल्याबद्दल अभिनंदन!' तेजस्विनीचा फोटो रविराजांच्या फोटोच्या निम्मा होता.

वडील पुंजाराम, म्हणजे अप्पा, पेढा खात आले. ओझरच्या विमान कारखान्यात तेहतीस वर्षं वायरिंग केलेला माणूस.

"तेजू, तुझ्या चिपच्या डबीत पट्टीखालून चार वायरी उघड्या व्हत्या. काल म्या एकत्र पिळून टेप मारली. सुटी वायर दिसली की हात शिवशिवत्यात."

तेजस्विनीने चिप बसवलेली पट्टी उलटली. वीज चौकात शिरलीच नव्हती. टेपखालच्या पिळलेल्या वायरींच्या उड्डाणपुलावरून परस्पर निघून गेली होती.

रडतच तिने पीएचडीच्या गाईड मॅडमना स्पीकरवर फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "टेप सोडू नकोस, तशीच आण. टोकं एकमेकांना जोडलेली असली की स्थिर वीज चिपमधून जात नाही. मीच सांगायला हवं होतं. पण वडिलांनी हात लावताना त्यांच्या अंगावरची वीज?"

"आधी नळाला हात लावला व्हता," अप्पा मागून म्हणाले. "अंगातली वीज उतरती. कारखान्याची सवय."

दुसऱ्या दिवशी पुण्यात टेप सोडवून चिप थंड केली आणि चारही रस्त्यांनी वीज मोकळी धावली. तेजस्विनीला इतका आनंद झाला, की ती बसमध्ये शेजारच्या बाईंनाही चिपमधला द्वारका समजावत आली.

घरी परतली तेव्हा अप्पा शिडीवर होते. फ्लेक्सवरच्या खोट्या शोधावर त्यांनी उरलेली काळी टेप नीट मारली होती. 'अभिनंदन' तेवढं उघडं ठेवलं होतं. कुणाचं, ते तिने विचारलं नाही.