सासूबाईंची पाठ आणि मागचे स्प्रिंग

"उद्या आईला दवाखान्यातून घरी आणायचंय," उशीला नवा अभ्रा चढवता चढवता बायको म्हणाली. "पाठीचे टाके अजून ओले आहेत. तुमच्या त्या खटाऱ्यात तिला एक जरी धक्का बसला ना, तर माझ्याशी बोलू नका."

तिचे यजमान डॉक्टर. डॉक्टर म्हणजे दातांचे. त्यांच्या गाडीचं दुखणं मात्र मागच्या बाजूला होतं. रस्त्यावर पडलेल्या बिस्किटावरून चाक गेलं, तरी मागे बसलेल्या माणसाला ते खारं होतं की गोड, हे कळायचं. स्प्रिंग बसलेले, शॉक अॅब्सॉर्बर गळून कोरडे पडलेले. गॅरेजवाला म्हणाला होता, "पुढच्या आठवड्यात आणा." आणि सासूबाई तर उद्या सकाळी येणार होत्या.

"मी घरीच बदलतो," डॉक्टर म्हणाले. "जुनं काढायचं, नवं बसवायचं. आयुष्यभर दुसरं काय केलं मी?"

बायकोने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर त्यांनी तिथेच ओळखायला हवी होती.

अंगणात गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलला, खाली भक्कम स्टँड लावले, चाकं काढली. पहिलाच बोल्ट गंजून घट्ट बसलेला. डॉक्टरांनी त्यावर गंज सोडवायचा फवारा मारला आणि सवयीने म्हणाले, "सुन्न होऊ दे जरा." मग पाना लावून, "थोडंसं दुखेल हं," असं म्हणत जोर लावला. पाना सटकला. दुखलं ते डॉक्टरांना. दोन बोटांना पट्टी बांधून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

ओट्यावर दादा बसले होते. दादा म्हणजे डॉक्टरांचे वडील. पोलीस बँडमध्ये उभी हयात ट्रम्पेट वाजवण्यात गेली, आणि वाजवण्यापेक्षा जास्त ते घासण्यात गेली. घरातल्या प्रत्येक नळात तोंड दिसायचं, ते त्यांच्यामुळेच.

"मी काही करू का रे?"

"तुम्ही नुसते बसा, दादा."

दादा नुसते बसले. पण नुसतं बसणं त्यांच्या जिवावर येत होतं, हे कुणालाही दिसलं असतं. डॉक्टरांना दिसलं नाही, कारण ते गाडीखाली होते.

एकदाचे जुने स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर चिखलासकट बाहेर आले. उंची ताडून पाहायला डॉक्टरांनी नवेही खोक्यातून काढले आणि जुन्यांशेजारी ठेवले. नवे काळे होते आणि गंजू नयेत म्हणून कंपनीने त्यांना चिकट तेल फासलेलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. एका पेशंटची दातावरची कॅप निघून घशात जाता जाता वाचली होती, आणि त्याला आत्ताच्या आत्ता डॉक्टर हवे होते.

"दादा, लक्ष ठेवा हं," एवढं बोलून डॉक्टर रिक्षाने गेले.

परत आले तेव्हा जमिनीवरचा पसारा गायब होता आणि खोक्यात स्प्रिंग चांदीसारखे लखलखत होते.

"मघाशी पाहिले तेव्हा इतके चांगले वाटले नव्हते," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "आणि जुने?"

"भंगारवाल्याला देऊन टाकले."

"फार छान केलंत, दादा!"

दादांचा चेहरा उजळला. बऱ्याच दिवसांनी मुलाने त्यांना शाबासकी दिली होती.

दिवेलागणीपर्यंत सगळं बसवून झालं. डॉक्टरांनी बायकोला ऐटीत मागे बसवलं आणि गाडी कोपऱ्यावरच्या खड्ड्यातून नेली. खाडकन आवाज झाला. बायकोचं डोकं छताला लागलं.

"हे बदललंत?" तिने विचारलं.

घरी येऊन डॉक्टर पुन्हा गाडीखाली गेले आणि त्यांनी स्प्रिंग बोटाने चाचपून पाहिले. आतूनच खोल गेलेला आवाज आला, "दादा, तुम्ही नवे जुने ओळखले कसे?"

"त्यात काय ओळखायचं? सगळे घासले. एक जोडी चमकली. दुसरी किती घासली तरी काळी ती काळीच. चांगला माल घासला की चमकतो, आयुष्यभर पाहिलंय मी. जो चमकत नाही, तो भंगार."

डॉक्टरांना ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. पण दादा घासून घासून लाल झालेले हात मांडीवर ठेवून इतक्या समाधानाने बसले होते की गाडीखालून निघून डॉक्टर तसेच फाटकाबाहेर पडले. भंगारवाल्याकडे धावत गेले, तर दुकानाला कुलूप.

सकाळी बायकोने नाक्यावरून टॅक्सी बोलावली. नाक्यावरच्या साऱ्या टॅक्स्या डॉक्टरांच्या गाडीच्याच मॉडेलच्या. दवाखान्याच्या दारात सासूबाई मागे आडव्या झाल्या, बायकोने डोळे मिटून घेतले, आणि टॅक्सी खड्ड्याखड्ड्यांतून तरंगत निघाली.

"अगं, धक्का म्हणून नाही!" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, गाडी ठेवावी तर अशी."

"कालच मागचे स्प्रिंग अन् शॉक अॅब्सॉर्बर टाकलेत, आजी," ड्रायव्हर म्हणाला. "भंगारात अगदी कोरे करकरीत मिळाले. कुणा येड्यानं फेकले, देव जाणे."

बायकोने डोळे उघडले. डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि घर येईपर्यंत ते बाहेरच पाहत राहिले.

फाटकात दादा उभे होते. सूनबाई आईला हळूच आत घेऊन गेली. दादांनी मात्र सवयीने वाकून टॅक्सीच्या चाकामागे डोकावलं आणि हळहळले.

"अरेरे, काय हे मळके स्प्रिंग! बाबा रे, आमच्याकडे चकचकीत जोडी आहे. ती घेऊन जा आणि ही इथेच टाक. आमचा डॉक्टर लगेच बसवून देईल."

कालपासून पहिल्यांदाच डॉक्टरांच्या तोंडावर आशा दिसली. ते पाना आणायला धावलेसुद्धा.

ड्रायव्हरने दादांकडे पाहिलं. मग पाना घेऊन येणाऱ्या डॉक्टरांकडे आणि त्यांच्या बोटांवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं. आणि गाडी सुरू केली.

कोपऱ्यावरच्या खड्ड्यातून टॅक्सी गेली, तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.