मेणाचा केक आणि फादर खांबेटे

आमच्या वरच्या मजल्यावरचे नाना खांबेटे उसनी नेलेली वस्तू परत करतात, तेव्हा ती आधी ओळखावी लागते. गेल्या महिन्यात त्यांनी माझा स्क्रूड्रायव्हर नेला. दोन दिवसांनी बेल वाजली. दारात नाना, आणि त्यांच्या दोन्ही हातांवर एक लांबट पुडकं. जुन्या कॅलेंडरचा गुळगुळीत कागद, इस्त्री केल्यासारख्या घड्या, मधोमध सुतळीची गाठ आणि गाठीत खोचलेली कढीपत्त्याची काडी. क्षणभर मला वाटलं, मी स्वतःचाच वाढदिवस विसरलो. उघडलं तर आत माझाच स्क्रूड्रायव्हर.

"वेष्टन महत्त्वाचं," नाना म्हणाले आणि कमरेत वाकले.

नाना तरुणपणी दोन वर्षं जपानमध्ये होते. इथल्या एका यंत्रांच्या कारखान्याने त्यांना जपानी शिकवून तिकडे पाठवलं होतं. परत येऊन पस्तीस वर्षं झाली, पण नाना अजून पुरते आलेले नाहीत. मंडईतून पेरू आणले तर प्रत्येक पेरू वेगळ्या कागदात गुंडाळून मागतात. भाजीवाली आता त्यांना लांबून बघूनच फडकं टाकून टोपली झाकते. त्यांच्याकडून आपण निघालो की ते लिफ्टपर्यंत सोडायला येतात आणि दार मिटेपर्यंत वाकून उभे राहतात. आमच्या लिफ्टचं दार तीनदा मिटतं आणि तीनदा उघडतं. नाना तिन्ही वेळा वाकतात. आत उभं राहून आपण कुठे बघायचं ते कळत नाही.

मी बँकेत नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. कोणी कशाचं कौतुक करायला लागलं की मला त्यात खोट दिसते, हा माझा जुना आजार. त्यामुळे नानांची आणि माझी जोडी उत्तम जमली. ते कौतुक करतात, मी खोट काढतो.

त्यातही जपान्यांच्या जपानपेक्षा नानांचा आवडता विषय म्हणजे जपान्यांची पश्चिम. "अहो, पश्चिम म्हणजे तिथे दुकानातला एक मजला असतो," ते सांगतात. "लिफ्टने वर जायचं, पॅरिस घ्यायचं, खाली यायचं, आणि घरी चपला काढून भात खायचा." नाताळात तिथे घरोघर स्ट्रॉबेरीचा केक आणि तळलेली कोंबडी आणतात. येशू कोण हे विचारलं तर माणसं संकोचतात, पण केकचं बुकिंग महिनाभर आधी केलेलं असतं. डब्यातली कॉफी विकायला सोनेरी केसांचा कोणीतरी भिंतीभर हसत असतो. तो कोण, कुठला, कोणाला ठाऊक नसतं. तो पश्चिमेचा असतो, तेवढं पुरतं.

मी म्हणतो, यात हसण्यासारखं काय आहे? आपण दोघं कोथरूडमध्ये 'नवसिसिली सहकारी गृहरचना संस्थे'त राहतो. फाटकाशी प्लास्टरची एक रोमन बाई खांद्यावर घडा घेऊन उभी आहे. तिच्या घड्यातून पाणी पडणार होतं. ते एकदाही पडलेलं नाही, आणि उन्हाळ्यात आमचं स्वतःचं पाणी टँकरने येतं. नाना त्यावर गंभीरपणे सांगतात, की जपानमध्ये ती बाई रोज पुसली गेली असती.

नानांच्या या जपानला घरात एकच विरोधक. शैलावहिनी. गणिताच्या शिक्षिका होत्या, अजून प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं तोडून बोलतात. नाना तिकडे गेले तेव्हा लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. एकत्र कुटुंब, आणि नानांच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, एक नियम होता: जपानहून आलेलं पत्र ते स्वतः फोडणार आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार. त्यामुळे नाना पत्रात हवामान आणि यंत्रं यांपलीकडे गेलेच नाहीत. "दोन वर्षं मला लेथ मशीनची माहिती मिळाली," वहिनी सांगतात. "माझ्यासाठी एक ओळ नव्हती. एक." त्या हे हसत सांगतात, आम्हीही हसतो. नाना मात्र तेवढ्या वेळात काहीतरी गुंडाळायला घेतात.

तर या नानांना मार्चमध्ये एक ईमेल आली आणि ते घामाघूम होऊन माझ्याकडे आले. दार लावून घेतलं. मग एक गोष्ट सांगितली, जी पस्तीस वर्षांत त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती.

नाना गोरेपान, उंच आणि घाऱ्या डोळ्यांचे. पुण्यात असा माणूस दुधाच्या रांगेत दर चौथा भेटतो. पण जपानमध्ये एका हॉटेलच्या मॅनेजरने त्यांना रस्त्यात थांबवलं आणि इंग्रज ठरवून टाकलं. त्या हॉटेलच्या गच्चीवर एक छोटं चर्च होतं, लग्नांसाठी बांधलेलं. तिथे पांढरा झगा, घंटा, फुलं, सगळं पाश्चात्त्य मिळायचं. नवरानवरी धर्माने ख्रिस्ती नसत, नुसती हौस. फक्त फादर पाहिजे होता, आणि तो दिसायला परदेशी पाहिजे होता. मी भारतीय आहे, असं नानांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मॅनेजरने थोडा विचार केला आणि म्हणाला, "सांगू नका."

"आणि तुम्ही गेलात?" मी विचारलं.

"रविवारी खोलीत एकट्याने करायचं काय?" नाना म्हणाले. "शिवाय तिकडे थंडी, आणि फादरचा झगा लोकरीचा होता."

असे खांबेट्यांचे फादर थॉमस झाले. दर रविवारी काळ्या झग्यात उभं राहून त्यांनी जपानी जोडप्यांची लग्नं लावली. इंग्रजीतला मजकूर पाठ केलेला होता. शेवटी 'परदेशी भाषेत आशीर्वाद' असा एक भाग असे, त्यात फादरने आपल्या मनाने दोन मिनिटं बोलायचं. त्यात काय बोलत होतात, असं मी विचारलं, तर नाना म्हणाले, "तेच आपलं. आशीर्वाद." आणि टेबलावरच्या वर्तमानपत्राची घडी घालायला लागले.

त्यांतल्याच एका नवरीने, युमिको तिचं नाव, लग्नानंतर हॉटेलच्या पत्त्यावर आभाराचं पत्र पाठवलं. नानांनी शिष्टाचार म्हणून उत्तर दिलं. मग दर नववर्षाला तिचं कार्ड येऊ लागलं, आधी तिकडे, मग पुण्याला. फादर भारतात सेवाकार्य करत असावेत, असं तिने गृहीत धरलं असणार, आणि नानांनी ते गृहीत मोडलं नाही. वहिनींना सांगितलं होतं, की कंपनीतल्या जुन्या लोकांची कार्डं आहेत. आता युमिकोबाईंचा नवरा वारला होता. त्या भारतात येणार होत्या, आणि पुण्यात फक्त एका कामासाठी: फादरना भेटायला.

"तिचं लग्न मी लावलं," नाना म्हणाले. "आता नवरा गेल्यावर तिला कळायचं, की लावणारा खांबेटे होता? काय वाटेल तिला? जे होतं तेच खोटं होतं असं नाही वाटणार?"

मला हसू येत होतं, पण नानांनी ते वर्तमानपत्र घडी घालून घालून पोस्टकार्डाएवढं केलं होतं, म्हणून हसलो नाही. उलट उपाय सुचवला. सदाशिव पेठेत नाटकाचे कपडे भाड्याने देणारं एक दुकान आहे. तिथून आम्ही काळा झगा आणला. माझ्या घरी, कपाटाच्या आरशासमोर, नानांनी तो चढवला. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. झगा नानांच्या पोटरीपर्यंतच पोचत होता आणि खालून चौकड्यांचा पायजमा दिसत होता. तरी सांगतो, त्यांनी हात जोडून मान खाली घातली आणि मी बसल्या जागी सरळ झालो. माणसात फादर होता.

बराच वेळ ते आरशात बघत राहिले. मग त्यांनी झगा उतरवला. "नको," म्हणाले. "ती एवढ्या लांबून येतेय. तिच्या हातात रिकामं खोकं कसं ठेवू?" वेष्टन महत्त्वाचं म्हणणारा माणूस हे बोलत होता. झगा मात्र त्यांनी दुकानात परत पाठवला तो व्यवस्थित कागदात बांधून, वर झेंडूचं फूल लावून. दुकानदार माझ्याकडे संशयाने बघत होता.

त्याच संध्याकाळी नानांनी वहिनींना सगळं सांगितलं. धीर यावा म्हणून मला शेजारी बसवलं होतं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फादर? तुम्ही? परवा सत्यनारायणाला गुरुजी आले नाहीत, पोथी वाचा म्हटलं तर तुमचा घसा बसला होता." एवढं बोलून त्या कुकर लावायला उठल्या. पण दारात थांबल्या. "पाहुणी मासे खाते का विचारून घ्या. आपल्याकडे मिळणार नाहीत."

युमिकोबाई आल्या त्या शनिवारी, सकाळी अकराला सांगून अकराला. बुटकी, नीटस बाई, करडे केस, चांगली साठीची. नाना साध्या शर्टपँटमध्ये दारात उभे होते. बाईंनी चपला काढायच्या आतच नाना कमरेत पार वाकले आणि वर न येताच जपानीत बोलू लागले. मला शब्द कळत नव्हते, पण कबुलीजबाब कुठल्याही भाषेत सारखाच ऐकू येतो.

बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी तोंडावर हात धरला आणि हसल्या. काहीतरी म्हणाल्या. नाना वाकलेल्या अवस्थेतच थिजले.

"काय म्हणतात?" वहिनींनी विचारलं.

"म्हणतात..." नाना सावकाश सरळ झाले. "म्हणतात, आमच्या लग्नातला केक मेणाचा होता. सुरी घालायला एक खाच तेवढी ठेवली होती. फादर तरी खरा कसा असेल, असं मी आणि माझ्या नवऱ्याने त्याच दिवशी म्हटलं होतं."

पस्तीस वर्षांची भीती अशी दोन वाक्यांत निकालात निघाली. मी मनात म्हटलं, सुटलो, आता पोहे येतील. वहिनींनी पोहे आणलेही. बाईंनी ते दोन्ही हातांत धरून खाल्ले आणि वर लिंबू पिळून घेतलं. मग पिशवीतून टॅबलेट काढला. नाना एकेक वाक्य भाषांतर करून सांगत होते. लग्नातलं सगळं छापील यादीतून निवडलेलं होतं, त्या म्हणाल्या. फुलं, घंटा, झगा, फादर. पण शेवटी फादर कुठल्यातरी भाषेत बोलायला लागले आणि बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. ते यादीत नव्हतं. नवरा कायम म्हणायचा, आपल्या लग्नात तेवढी एक गोष्ट आपण विकत घेतलेली नव्हती, ती काय होती ते एकदा विचारून ये. लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती, ती मुलाने यात घालून दिली होती.

हे शेवटचं भाषांतर करताना नानांचा चेहरा उतरला. त्यांनी हात पुढे केला, टॅबलेट घ्यायलाच. "राहू दे ते," मला मराठीत म्हणाले. "जुनं आहे. आवाज नीट नसेल."

"लावू द्या त्यांना," वहिनी म्हणाल्या.

पडद्यावर तिशीतले नाना दिसले, काळ्या झग्यात, दाट केसांचे. समोर मान खाली घातलेली नवरानवरी. नानांनी हात वर उचलला आणि धीरगंभीर आवाजात, अगदी चर्चमध्ये शोभेलशा चालीत बोलायला सुरुवात केली.

"शैला," फादर थॉमस म्हणाले, "अण्णांचं पत्र आलं. एकाच ओळीत लिहिलंय, की बाळ राहिलं नाही. तुला लिहायचंय, पण लिहिलं तर ते सगळ्यांसमोर वाचलं जाईल. म्हणून इथे बोलतोय. इथे कोणालाच कळत नाही. मी तिथे असायला हवा होतो. तू रडून घे. सगळ्यांचं आवरून मग रडत बसू नकोस, आधी रड. आणि सकाळी शाळेत जाताना कानाला रुमाल बांधत जा. तुला वारा सोसत नाही." इथे आवाज फुटला. थोडा वेळ नुसतं चर्चच्या ऑर्गनचं संगीत ऐकू आलं. मग तो तरुण माणूस म्हणाला, "शुभमंगल. सावधान." मागे उभ्या भाडोत्री गायिकांनी एका सुरात आमेन म्हटलं आणि नवरानवरी भक्तिभावाने वाकली.

युमिकोबाई आळीपाळीने दोघांकडे बघत होत्या. अर्थ कळला नसला तरी आशीर्वाद कोणासाठी होता, ते त्यांना समजलं असावं. नाना जमिनीकडे बघत होते. मला दर गोष्टीत खोट दिसते, पण इथे शोधूनही सापडली नाही. माझे डोळे भरून आले होते आणि चष्मा पुसायला हाताशी फक्त पोह्यांच्या बशीखालचा रुमाल होता.

"दर रविवारी?" वहिनींनी विचारलं. नानांनी मान हलवली.

वहिनी पुढे सरकल्या. पडद्यावर चित्र थांबलं होतं, हात उचललेल्या त्या दाट केसांच्या माणसावर. नानांकडे न बघता, त्या माणसाकडे बघून त्या म्हणाल्या, "बांधत होते हो मी रुमाल."

मग युमिकोबाईंकडे वळून नेहमीच्या तोडक्या आवाजात नानांना म्हणाल्या, "काय बोललात ते सांगा त्यांना. सगळं सांगा. आणि परत एकदा लावायला सांगा."

नाना जपानीत हळूहळू सांगायला लागले. युमिकोबाईंनी वहिनींचा हात हातात घेतला होता. मी उठलो, चपला घातल्या आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. लिफ्ट आली. दार तीनदा मिटलं आणि तीनदा उघडलं, पण त्या दिवशी मला सोडायला कोणी आलं नाही.